कोकणात हाडांचा डॉक्टर व्हायचं तर

कोकणातल्या हाडांच्या दवाखान्यात कुठला महिना चालू आहे हे बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांकडे बघून सांगता येतं. मार्च सरत आला की काजूवरून पडलेले येऊ लागतात. एप्रिल-मेमध्ये हापूस उतरवणारे, झेल्यासकट, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीसकट, आणि फांदीसकट खाली आलेले. त्याच दिवसांत सुट्टीला मामाकडे आलेली मुंबई-पुण्याची पोरं कोपर धरून रडत येतात. मिरग बसला, चिऱ्यांच्या पायऱ्यांना शेवाळ धरलं की खळ्यात घसरलेल्या बायकांची मनगटं आणि म्हाताऱ्या माणसांचे खुबे. 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, मग विंचच्या दोरात सापडलेली बोटं. पाठोपाठ दहीहंडीचे गोविंदा, गणपतीला मोटारसायकलवरून निघालेले चाकरमानी, भातकापणीत विळ्याने कापलेल्या बोटांच्या शिरा (टेंडन). पाऊस उघडला की चिरेखाणी सुरू होतात आणि पावलावर चिरा पडलेले मजूर येतात. माडावरून पडणारे पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, मात्र बारा महिने.

एमबीबीएस संपवून पुढे काय घ्यावं या विचारात असलेल्यांना, आणि त्यातही शिकून परत इकडेच यायचं मनात असलेल्यांना, ही शाखा बहुधा ऑपरेशन थिएटरच्या दारातून दिसते. ड्रिलचा आवाज, सी-आर्म या ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर हाडात सरकत जाणारा रॉड, तासाभरात सरळ झालेला पाय. हा मोह खरा आहे. केलेल्या कामाचा निकाल त्याच संध्याकाळी एक्स-रेवर दिसावा, हे सुख मेडिसीनवाल्यांच्या वाट्याला क्वचित येतं. पण ऑपरेशन दीड तासात उरकतं. हाड जुळायला हाताला साधारण 6 आठवडे, पायाला 12, लहान मुलांना त्याच्या निम्मे लागतात, आणि त्यानंतर सांधा मोकळा व्हायला, गेलेली ताकद भरून यायला आणखी महिना-दोन महिने. ही शाखा निवडायची ती या चार महिन्यांकडे बघून. ते ज्याला कंटाळवाणे वाटतील त्याने खुशाल रेडिओलॉजी घ्यावी, सुखी होईल.

शिक्षणाचा हिशोब सगळ्यांना माहीत आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, मग नीट-पीजी आणि एमएस किंवा डीएनबीची 3 वर्षं. सरकारी बाँडचं वर्ष धरलं आणि नीटमध्ये एखादा फेरा वाया गेला की तिशी उलटते. चिपळूणजवळ डेरवणचं खासगी कॉलेज आधीपासून होतं, 2021 पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली. त्याआधी कोकणातल्या मुलाला सरकारी कॉलेजात शिकून डॉक्टर व्हायला मुंबई, मिरज किंवा कोल्हापूर गाठावंच लागे, आणि गेलेला सहसा परतत नसे.

एमएसचं पहिलं वर्ष म्हणजे हमाली, असं त्या वर्षातला प्रत्येक रेसिडेंट म्हणतो. ट्रॅक्शन, म्हणजे हाड ओढून धरणारं वजन, लावा, ड्रेसिंग करा, रक्ताच्या पिशव्या आणा, हरवलेला एक्स-रे शोधा, आणि रात्रभर प्लॅस्टर घाला. माझ्या मते अर्धी शाखा त्याच वर्षात शिकून होते. ज्याला प्लॅस्टर नीट घालता येत नाही त्याच्या हातून गरज नसलेली ऑपरेशनं होतात. मनगटाचं जे हाड ओढून बसवून सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिलं असतं त्याला प्लेट बसते, कारण प्लेट घालणं त्याला सोपं वाटतं.

प्लॅस्टरचं इथलं तंत्र जरा वेगळं आहे, कारण हवा वेगळी आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे तीन चतुर्थांश पाणी काढून घेतलेलं जिप्सम. पाणी मिळालं की ते पुन्हा जिप्सम होतं आणि होताना उष्णता सोडतं. जुलैच्या हवेत उघड्या पुड्यातला रोल पाण्यात बुडवायच्या आधीच पाणी पीत असतो. असा रोल हाताला खरबरीत लागतो, आत गुठळ्या झालेल्या असतात, आणि घातलेलं प्लॅस्टर दुसऱ्या दिवशी थरथरांनी सुटतं. म्हणून पावसाळ्यात रोल झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवायचे आणि लागतील तेवढेच बाहेर काढायचे. रोल कोमट पाण्यात उभा सोडायचा, बुडबुडे थांबले की काढायचा, दोन्ही टोकं दाबून पाणी पिळायचं. मधे पिळला तर पावडर निघून जाते आणि हातात नुसती जाळी उरते. पाणी गरम घेतलं तर प्लॅस्टर लवकर घट्ट होतं, पण मग कड साधायला वेळ मिळत नाही, आणि जाड स्लॅब, म्हणजे एकाच बाजूने घातलेलं अर्धं प्लॅस्टर, उशीवर टेकवून ठेवला तर आतल्या उष्णतेने कातडी भाजते. हाताला 8 ते 10 थर, पायाला 12 ते 16. आत कापसाचे दोन-तीन वेढे, हाड वर आलेल्या जागी एखादा जास्त. दाब बोटांनी द्यायचा नाही, तळहाताने द्यायचा. बोटांचे खळगे आत राहतात आणि चार दिवसांनी त्या जागी व्रण सापडतो.

प्लॅस्टर घट्ट होतं पाच-सात मिनिटांत, पण वाळायला उन्हाळ्यात एक-दोन दिवस घेतं आणि पावसाळ्यात कितीतरी जास्त. पायाचं प्लॅस्टर ठोकल्यावर खणखणीत वाजेपर्यंत पाय टेकायचा नाही, हे सांगूनही माणूस ओल्या प्लॅस्टरवर उभा राहतो आणि टाचेशी चीर पडते. मग पाऊस लागू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली जाते, ती दिवसरात्र तशीच राहते, आणि आतल्या घामाने पावसाचं काम होतं. फायबरचं प्लॅस्टर पाण्याने मऊ पडत नाही, म्हणून लोक ते घालून नदीत उतरतात. आतला कापूस ओला राहतो, कातडी पांढरी पडून सोलवटते. त्यामुळे ‘वॉटरप्रूफ आसा’ हे शब्द आपण उच्चारायचेच नाहीत.

आता सुट्टीला आलेल्या त्या पोराच्या कोपराकडे येऊ. पाच ते आठ वर्षांचं मूल आंब्यावरून किंवा गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, हात टेकून पडतं आणि दंडाचं हाड कोपराच्या अगदी वर मोडतं. सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर. या शाखेत काय काय सांभाळावं लागतं ते सगळं या एका मोडीत एकवटलेलं आहे. तिथे हाड कागदासारखं पातळ, समोरून जाते ती हाताची मुख्य रक्तवाहिनी, तिला लगटून मज्जातंतू. मोडलेलं टोक पुढे सरकलं तर दोन्ही त्याच्या धारेवर येतात.

हात लावण्याआधी नाडी बघायची, बोटांचा रंग आणि ऊब बघायची. मग अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायला सांगायचं. गोल न होता चिमूट सपाट पडली तर पुढचा तंतू दबलेला आहे, आणि तसं केसपेपरवर वेळेसकट लिहायचं. ऑपरेशननंतर लिहिलेल्या नोंदीला किंमत नसते, तंतू पडण्याचं पाप मग आपल्याच माथी येतं. नाडी लागत नाही पण हात गुलाबी आणि गरम आहे, तर घाबरून कापाकापी करायची नाही. हाड जागेवर बसवलं की बहुतेक वेळा नाडी परत येते. हात पांढरा आणि गार असेल तर मात्र एक मिनिट दवडायचं नाही.

भूल दिल्यावर कोपर थोडं वाकवून सावकाश ताण द्यायचा, घाई न करता. आधी डावं-उजवं सरकणं सुधारायचं, मग पीळ, आणि शेवटी अंगठ्याने कोपराचं टोक पुढे रेटत हात वाकवायचा. सी-आर्मखाली दोन्ही बाजूंनी बघायचं. जमलं असेल तर दीड ते दोन मिलीमीटरच्या तारा, म्हणजे के-वायर, बाहेरच्या बाजूने फाकवून दोन किंवा तीन. आतल्या बाजूने तार हवीच असेल तर कोपर थोडं सरळ करून, छोटा छेद घेऊन, तिथला तंतू बाजूला आहे याची खात्री करून मगच. नंतरचा स्लॅब काटकोनापेक्षा कमी वाकवून घालायचा, सुजेला जागा ठेवून. तीन-चार आठवड्यांनी तारा ओपीडीतच काढता येतात. पोर रडतं ते पक्कड बघून, दुखून नव्हे.

बिघडतं ते कुठे? पहिलं म्हणजे हाड आतल्या बाजूला कललेलं राहिलं तर ते वाढीबरोबर सुधारत नाही. हात बंदुकीच्या दस्त्यासारखा वाकडा दिसतो आणि आई-बाप तो आयुष्यभर दाखवत राहतात. दुसरं, पहिल्या रात्रीचं. कोपराखालच्या स्नायूंच्या कप्प्यात सूज भरली, रक्त फिरेनासं झालं, की सहा-आठ तासांत स्नायू मरायला लागतो. मोठा माणूस सांगतो की असह्य दुखतंय. मूल तसं सांगत नाही. ते अस्वस्थ होतं, चिडचिडं होतं, आणि दुखण्याचं औषध पुन्हा पुन्हा लागायला लागतं. बोटं हलकेच सरळ केली की किंचाळतं. नर्सने फोनवर ‘पोरगा लय रडता’ असं सांगितलं तर तो वाक्यप्रयोग म्हणून ऐकायचा नाही, उठून जायचं. स्लॅब कापसासकट कातडीपर्यंत कापायचा, अर्धवट नाही. तरी फरक नाही पडला तर थिएटर उघडायचं. तिसरं, तारा काढल्यावर घरी होणारी तेलमालीश. आजी मायेने रोज कोपर ओढून सरळ करते, आणि सांध्याभोवती नको तिथे हाड धरतं. या वयात कोपर आपलं आपण, खेळताखेळता, काही महिन्यांत मोकळं होतं. हे पहिल्याच दिवशी आजीला समोर बसवून सांगायचं, आईला सांगून भागत नाही.

कप्प्यातला स्नायू मरून हात पंजासारखा आवळतो, ती सगळ्यात वाईट गोष्ट बरेचदा दवाखान्यात घडून येत नाही, घडून गेल्यावर दवाखान्यात येते. बांबूच्या कामट्या, पाल्याचा लेप, आणि वरून सुंभाने करकचून आवळलेलं फडकं. हाडवैद्याकडे माणसं का जातात याचा राग मानून काही मिळत नाही. तो वाडीत राहतो, पैसे थोडे घेतो, ऑपरेशन सांगत नाही. आणि त्याच्याकडे गेलेल्यांतल्या बऱ्याच जणांचं हाड जुळतंही, कारण साधं हाड जुळायचं ते शरीराच्याच गुणाने जुळतं. त्याचं चुकतं ते दुसऱ्या दिवशी. बांधलेला हात सुजला का, बोटं निळी पडली का, हे बघायला तो परत बोलावत नाही. या शाखेचा एक मोठा पुरुष हाडवैद्यांच्याच घरातला होता. ह्यू ओवेन थॉमस, 1834 ते 1891. बाप लिव्हरपूलमध्ये हाडं बसवायचा, मुलगा शिकून डॉक्टर झाला, आणि त्याने केलेली, मोडलेला पाय ओढून धरणारी लोखंडी स्प्लिंट आजही आपल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या कोपऱ्यात धूळ खात उभी असते. पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेले सैनिक वाटेतच मरायचे, थॉमसचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती स्प्लिंट आघाडीवर वापरायला लावली आणि मृत्यू झपाट्याने घटले. मांडी मोडलेल्या माणसाला अँब्युलन्समध्ये घालण्याआधी ती लावावी. ओढून धरलेल्या मांडीत रक्त कमी सांडतं आणि खड्ड्यागणिक माणूस ओरडत नाही.

वाटेचा विषय निघालाच आहे. सिंधुदुर्गातला मोठा अपघात बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जातो, उत्तरेकडचा पनवेल-मुंबईला, मधला घाट चढून कोल्हापूरला. त्या दोन-चार तासांत काय करून पाठवलं यावर पुढचं सगळं ठरतं. उघडी मोड असेल, हाड कातडीबाहेर आलेलं असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस इथेच, शक्य तितक्या लवकर, जमल्यास तासाच्या आत. धनुर्वाताचं इंजेक्शन, जखमेवर सलाइनने भिजवलेली स्वच्छ पट्टी, स्प्लिंट, आणि जखमेचा फोटो, म्हणजे पुढे प्रत्येकाने पट्टी उघडून बघायला नको. जखम शिवून पाठवायची नाही. आत शेताडीचा चिखल किंवा लाल माती अडकलेली असते. गस्टिलो आणि अँडरसन यांनी 1976 मध्ये मांडलेली उघड्या मोडींची वर्गवारी अजून चालते, आणि तिच्यातली मुख्य गोष्ट अशी की जखम केवढी यापेक्षा ती कशाने आणि किती जोराने झाली हे बघायचं. धुवायला 3 ते 9 लिटर सलाइन लागतं. बाटल्या मोजून ठेवाव्यात, रात्री दोन वाजता मेडिकल उघडं नसतं.

माडावरून पडलेला पाडेली बरेचदा पायावर पडतो. टाच फुटते, ती सुजते, सगळे टाचेकडे बघतात. तोच दणका पायातून वर जाऊन पाठीच्या पहिल्या लंबर मणक्याच्या आसपास पोचलेला असतो. टाच मोडलेल्या साधारण दहांतल्या एकाचा मणकाही मोडलेला सापडतो, म्हणून टाचेच्या एक्स-रेबरोबर पाठीचा एक्स-रे न मागणारा डॉक्टर मला अर्धवट वाटतो. रस्ता नसलेल्या वाडीतून अशा माणसाला डोलीत घालून आणलं की मोडलेला मणका त्या झोळीत दुमडतो आणि चालू शकणारे पाय वाटेत जातात. दाराची फळी काढून तिच्यावर बांधून आणावं, हे ग्रामसभेत बोलायला डॉक्टरने जायला हवं. त्याची फी नसते.

मासळीच्या जखमांचं कोकणाबाहेर फारसं कुणी शिकवत नाही. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 40 ते 45 अंश, तासभर धरायचा. विष उष्णतेने निकामी होतं, दुखणं झटकन उतरतं. खोटं वाटतं, पण खरं आहे. मात्र पाणी दुसऱ्याने तपासायचं, कारण बधिर हाताला चटका कळत नाही. काट्याचं टोक आत राहिलं का ते एक्स-रेत बघायचं. दोन दिवसांनी बोट सुजून वाकून बसलं, तळव्याकडच्या बाजूने पूर्ण लांबीत दाबल्यावर दुखलं, आणि सरळ करताना जीव गेला, तर टेंडनच्या आवरणात पू आहे, आणि गोळ्यांवर ठेवायची ती केस नाही. काही आठवड्यांनी हळूहळू वाढत जाणारी, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारी गाठ आली तर समुद्राच्या पाण्यातला क्षयजंतूंचा भाऊबंद आठवावा आणि तुकडा तपासायला पाठवावा. कालवं काढणाऱ्या बायकांच्या हातावरच्या बारीक जखमांकडे लक्ष ठेवावं. यकृत खराब झालेल्या, दारूत बुडालेल्या खलाशाची मात्र साधी जखमही चोवीस तासांत जीव घेऊ शकते.

या कामाला सुतारकाम म्हणून हिणवायची पद्धत जुनी आहे. सुताराला मी कमी लेखत नाही. 3.5 मिलीमीटरच्या स्क्रूला 2.5 चं ड्रिल, 4.5 च्या स्क्रूला 3.2 चं, हे त्यालाही पटेल. फरक एवढाच की हे लाकूड जिवंत आहे. बोथट ड्रिल दाबून चालवलं, हाड 47 अंशांच्या वर मिनिटभर तापलं, की स्क्रूभोवतालचं हाड मरतं. ते लगेच कळत नाही. दोन महिन्यांनी स्क्रू ढिला होऊन वर येतो तेव्हा कळतं. म्हणून ड्रिल धारदार आणि वरून सलाइनची धार. अंगात रेड्याची ताकद लागते हा समजही असाच. सरकलेला खांदा बळाने बसत नाही, स्नायू सैल पडल्यावर बसतो. या समजामुळे मुली ही शाखा घेत नाहीत, आणि घेतलीच तर मुलाखतीत त्यांना लग्नाचं विचारतात. खरं ओझं निराळंच आहे, सी-आर्मच्या किरणांसाठी दिवसभर अंगावर घातलेला पाच-सहा किलोचा शिशाचा एप्रन. तो घडी घालून ठेवला तर आत चिरा जातात आणि तिथून किरण सरळ आत येतात, म्हणून तो टांगायचा. किरण सोडणाऱ्या नळीपासूनचं अंतर दुप्पट केलं की डोस चौथ्या हिश्शावर येतो. बाजूचं चित्र घेताना नळीच्या बाजूला उभं न राहता किरण टिपणाऱ्या टोकाच्या बाजूला राहायचं. गळ्याचा पट्टा आणि छातीवरचा किरण मोजणारा बॅज ‘उकडता’ म्हणून काढून ठेवायचा नाही.

गावात थिएटर उघडायचं म्हटलं की पैशांआधी खारी हवा आणि खारं पाणी यांच्याशी गाठ पडते. शरीरात घालायच्या 316 एल स्टीलच्या प्लेटा गंजत नाहीत, पण ड्रिल, रीमर, पटाशा यांचं स्टील धारेसाठी कठीण केलेलं असतं आणि ते गंज धरतं. रक्त निघावं म्हणून अवजारं सलाइनमध्ये भिजत घालणारा वॉर्डबॉय प्रत्येक दवाखान्यात असतोच. मीठ स्टीलला बारीक खड्डे पाडतं. साध्या पाण्याने धुवावं, खाडीकाठच्या विहिरीचं पाणी असेल तर शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, आणि कोरडं करूनच बांधावं. पावसाळ्यात ऑटोक्लेव्हमधून ओला निघालेला गठ्ठा निर्जंतुक धरायचा नाही, पुन्हा लावायचा. सी-आर्मला स्टॅबिलायझर आणि यूपीएस लागतो, कारण वादळात वीज नेमकी रॉड अर्ध्यात असताना जाते. इम्प्लांटचे सेट कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईहून येतात. आदल्या दिवशी चांगल्या पायाच्या एक्स-रेवरून रॉडची लांबी आणि जाडी काढून ठेवली नाही तर टेबलावर माणूस आणि डब्यात नको तो नंबर, अशी गत होते. भूलतज्ज्ञ चार गावं फिरतो, त्याच्या वेळेवर आपली यादी ठरते. महात्मा फुले योजनेत बरीच फ्रॅक्चरं बसतात, पैसे उशिरा येतात. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर सरकारने 2017 च्या ऑगस्टमध्ये मर्यादा आणली. भातलावणीत जन्म गेलेल्या बायकांची सांधे बदलायची तयारी हल्ली वाढली आहे, पण इथल्या डॉक्टरची चूल पेटते ती मोडीवरच.

आणि सगळ्यात जास्त मोड म्हाताऱ्या बायकांच्या खुब्यांची. पहाटे न्हाणीघराच्या पायरीवर पाय सरकतो, पाय आखूड होऊन बाहेर वळतो. हे ऑपरेशन शक्यतो 48 तासांच्या आत व्हावं, कारण त्यापुढे प्रत्येक दिवस अंथरुणातला असतो. छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताची गाठ. इकडे उत्तर ठरलेलं, ‘झील मुंबैसून येतलो, मगे काय ता ठरवया.’ झील, म्हणजे मुलगा, रात्रीच्या गाडीने निघतो, येतो, पुतण्याला विचारतो, आणि तिसरा दिवस मावळतो. डॉक्टरने आपणच मुंबईला फोन लावावा, स्पीकरवर, म्हातारीसमोर. पाय ओढून धरायला वजन 2-3 किलो लावलंय, आता दुखत नाही, म्हणून घाई नाही, असा अर्थ घरच्यांनी काढू नये हे त्याच फोनवर सांगावं. सोडियम, हिमोग्लोबिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या हे सगळं तोवर बघून होतं.

खुब्याच्या गळ्याची मोड असेल तर बहुधा सांध्याचा गोळा बदलतात. त्याखालची असेल तर रॉड किंवा स्क्रू-प्लेट. स्क्रूचं टोक गोळ्याच्या मध्यात आणि खोल हवं. समोरून आणि बाजूने घेतलेल्या दोन्ही चित्रांत टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून बेरीज 25 मिलीमीटरच्या आत ठेवायची, हा 1995 पासूनचा नियम. जास्त झाली की ठिसूळ हाडातून स्क्रू वर फाडून निघतो. दुसऱ्या दिवशी बसवायचं, वॉकर धरून उभं करायचं. घरी जाताना पडवीच्या पायऱ्या किती, शौचालय बसकं की खुर्चीचं, रात्री उठल्यावर दिवा कुठे, हे विचारायचं. या प्रश्नांची उत्तरं एक्स-रेत नसतात आणि दुसरा खुबा त्यांच्यावरच मोडतो.

तो दुसरा खुबा वाचवणारं औषध उपलब्ध आहे आणि बहुतेक वेळा सुरूच केलं जात नाही, कारण टाके काढले की सर्जनचं लक्ष पुढच्या केसकडे गेलेलं असतं. झोलेड्रोनिक ॲसिडचं 5 मिलिग्रॅमचं वर्षातून एक सलाइन. मोडीनंतर दोन आठवडे जाऊ द्यायचे. आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून घ्यायचं, किडनी क्षीण असेल तर द्यायचं नाही, दात काढायचे असतील तर ते आधी उरकायचे. पंधरा मिनिटांपेक्षा घाईने सोडायचं नाही. आणि पहिल्या-दुसऱ्या रात्री ताप येऊन अंग मोडून येतं, पॅरासिटामॉलने उतरतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवायचं. नाहीतर रात्री बारा वाजता ते रिक्षा करून दारात हजर होतात आणि पुढच्या वर्षीच्या सलाइनला ‘नको तां’ म्हणतात.